चांगदेव : एका नावाची कुळकथा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला की एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाने चार शब्द बोलावेत, अशी आपल्या संमेलनाची प्रथा आहे. हे चार शब्द बहुधा शिक्षणाचे महत्त्व, व्यसनांचे दुष्परिणाम अथवा लग्नकार्यातील उधळपट्टी यांपैकी एखाद्या विषयावर असतात. हे विषय थोर आहेत खरे. परंतु त्यांवर बोलण्यास आमच्याहून अधिकारी माणसे या सभागृहात बसलेली आहेत. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक. अडतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही रोज न चुकता केलेले एकच काम सांगता येईल, ते म्हणजे हजेरी घेणे. सहस्रावधी मुलांची नावे या तोंडाने उच्चारली गेली. तेव्हा ज्या विषयाशी आमचा जन्माचा संबंध, तोच आज आपणापुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे. आम्ही एका नावाविषयी बोलणार आहोत. ते नाव चांगदेव.

विषय सुचण्यास निमित्त झाले ते आपल्याच स्मरणिकेचे. गेल्या वर्षीच्या अंकातील वधूवरसूची आम्ही मुद्दाम चाळली. उपवर मुलांत चांगदेव एकही आढळला नाही. वडिलांच्या नावाच्या रकान्यात तो दोन ठिकाणी भेटला. आणि ज्या घरांशी आमचा पूर्वापार घरोबा आहे, त्या घरांच्या आजोबांच्या पिढीत पाहावे तर कोठे थोरले चांगदेव, कोठे धाकटे चांगदेव, असे हाक मारताना घोटाळा होण्याइतके चांगदेव होते. तीन पिढ्यांत एक नाव असे विरळ होत जावे, याचे कारण काय आणि त्यात आपण काय गमावतो, याचा विचार करणे अस्थानी होणार नाही.

आपला जिल्हा, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तो नावांच्या बाबतीत मोठा संपन्न आहे. पूर्वी मुलाच्या नावावरून त्याचे गाव कोणत्या बाजूचे, याचा अंदाज बांधता येत असे. कानिफनाथ किंवा जालिंदर नावाचा मुलगा आला की तो पाथर्डीकडचा असावा असे आम्ही धरून चालत असू, कारण त्या तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. मोहिनीराज नाव ऐकले की नेवाशाचे मोहिनीराजाचे देवालय डोळ्यांपुढे येई. त्याचप्रमाणे चांगदेव म्हटले की मन गोदाकाठी पुणतांब्यास जाई. हे गाव पूर्वी कोपरगाव तालुक्यात होते, आता राहाता तालुक्यात आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक म्हणून ते प्रवाशांस ठाऊक आहे. २०१७ च्या जून महिन्यातील शेतकरी संपामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. परंतु त्याहून जुनी त्याची ओळख म्हणजे तेथील योगी चांगदेवांची समाधी. पंचक्रोशीतील मायबहिणी त्या समाधीस नवस बोलत आणि मुलगा झाला की त्याचे नाव चांगदेव ठेवीत. हे नाव आपल्या भागात पिकले ते असे.

आता नावाच्या अर्थाकडे वळू. आमचे विद्यार्थी 'चांग' या अक्षरांस हसत, कारण त्यांना ते चिनी माणसाचे नाव वाटे. वास्तविक हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. प्राकृत भाषेत 'चंग' म्हणजे सुंदर, उत्तम. त्याचेच मराठीत 'चांग' झाले आणि त्याला 'ला' जोडून आपला नित्याचा 'चांगला' हा शब्द सिद्ध झाला. हिंदी-पंजाबीतील 'चंगा' हा याचाच भाऊ. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळीत भक्त 'चांगभले' म्हणून गजर करतात, त्यातही हाच 'चांग' आहे. श्रियाळ राजाची राणी आणि चिलया बाळाची माता चांगुणा आपणा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या नावातही हाच शब्द बसलेला आहे. आमच्या लहानपणी गावोगावी चांगुणाबाई असत. त्याही आता शोधाव्या लागतात.

नावाचा दुसरा अवयव 'देव'. यादवांच्या काळी मोठ्या माणसाच्या नावापुढे आदराने देव लावण्याची चाल होती. राजा रामदेव, संत ज्ञानदेव, सोपानदेव, नामदेव ही सर्व नावे एकाच घडणीची आहेत. चांगदेव हा त्यांच्याच पंक्तीतला. ज्ञानाचा देव तो ज्ञानदेव, नामाचा देव तो नामदेव, चांगुलपणाचा देव तो चांगदेव, इतका हा अर्थ सरळ आहे. ज्ञानदेव आणि नामदेव आजही घराघरांत आढळतात. चांगदेव मात्र पंक्तीतून उठून गेल्यासारखा झाला.

उच्चाराविषयी एक शब्द सांगतो. यातील 'च' हा चाकातला आणि चांदण्यातला 'च' आहे, चंद्रातला किंवा चिंचेतला नव्हे. मराठी माणसाच्या तोंडी तो आपोआप योग्य येतो. परंतु इंग्रजी अक्षरांतून वाचणारा परका मनुष्य त्याचा भलताच उच्चार करतो आणि तो ऐकून आपलीच मुले लाजतात. इंग्रजी लिहिताना 'देव' या शब्दाचा शेवट कोणी 'व्ही' अक्षराने करतो, कोणी 'ओ' अक्षराने. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे, अशी एकाच माणसाची तीन रूपे होतात व बिचाऱ्यास हेलपाटे घालावे लागतात. नाव मागे पडण्यास असल्या क्षुल्लक अडचणीही हातभार लावतात.

असो. हे नाव धारण करणारे पुरुष कोण कोण होऊन गेले, ते पाहण्याजोगे आहे. शून्याचे गणित ज्यांनी सांगितले त्या थोर भास्कराचार्यांच्या नातवाचे नाव चांगदेव होते. तो यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणि' आदी ग्रंथांचे अध्ययन पुढे चालावे म्हणून त्याने चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापिला. त्या मठास १२०७ साली मिळालेल्या दानाचा शिलालेख प्रसिद्ध आहे आणि त्याच्या अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. आजोबांची विद्या नातवाने कशी जतन करावी, याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस माहीत नाही.

महानुभाव पंथात जे पंचकृष्ण मानिले जातात, त्यांत फलटणचे श्रीचक्रपाणी आहेत. त्यांनाच द्वारावतीचे चांगदेव राऊळ म्हणतात. एका हाती खराटा आणि दुसऱ्या हाती सूप घेऊन ते द्वारकेच्या गल्ल्या झाडीत, असे त्या पंथाचे लोक भक्तिभावाने सांगतात. महानुभावांचे डोमेग्राम म्हणजे आपल्या श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर. तेव्हा त्या पंथाचाही आपल्या भूमीशी निकटचा संबंध आहे.

तिसरे आपले योगी चांगदेव. वटेश्वराचे शिष्य म्हणून त्यांस चांगा वटेश्वर असेही म्हणतात. चांगदेव वटेश्वरांचा 'तत्त्वसार' हा ओवीबद्ध ग्रंथ शके १२३४, म्हणजे इसवी सन १३१२ चा आहे आणि तो रचला गेला हरिश्चंद्रगडावर. हा गड आपल्याच अकोले तालुक्यात आहे. हल्ली तरुण मंडळी सुटीत तेथे कोकणकडा पाहावयास जातात. त्यांनी परतताना हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी क्षणभर थांबून या ग्रंथकाराचेही स्मरण करावे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या माथ्यावर ग्रंथ आणि उत्तरेस गोदाकाठी समाधी, असा हा योगी आपल्या भूमीत दोन्हीकडे नांदतो आहे. शिवाय जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचे गावच आहे, आणि त्याच तालुक्यात त्यांच्या गुरू मुक्ताबाईंचे स्थान आहे. शिष्याच्या नावाचे गाव आणि गुरूचे स्थान अशी एकमेकांच्या सान्निध्यात असलेली पाहून मनास मोठे समाधान वाटते.

या योग्याची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. चौदाशे वर्षे वयाचा हा सिद्ध पुरुष. आळंदीस ज्ञानदेव नावाचा बालक मोठा ज्ञानी निघाला आहे असे त्याने ऐकिले आणि त्यास पत्र लिहावयास घेतले. परंतु मायन्यापाशीच तो अडला. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने तो मोठा; 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने तो पोर. अखेर त्याने कोरा कागदच धाडिला. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन चांगदेव भेटीस निघाले, तो इकडे भावंडे बसल्या भिंतीसह सामोरी आली आणि योग्याचा अभिमान गळाला. आठ वर्षांच्या मुलालाही ही कथा एकदा सांगितली की पुरते, असा आमचा अनुभव आहे.

कोणी पुसेल, चौदाशे वर्षे मनुष्य जगतो काय? त्या वादात शिरण्याचे कारण नाही. आम्हांस इतकेच दिसते की एकाच शतकाच्या आगेमागे गणिती, महात्मा आणि योगी असे तीन नामांकित चांगदेव आपणांस भेटतात. म्हणजे त्या काळी हे नाव विद्वानांत आणि साधूंत सारखेच रूढ असले पाहिजे. माणूस चौदाशे वर्षे जगो वा न जगो, पाटण्याच्या लेखापासून मोजले तरी हे नाव आठशेहून अधिक वर्षे जगले आहे.

अलीकडच्या काळातही या नावाने कर्तृत्व सोडलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बहुखंडी चरित्र ज्यांनी अपार कष्टाने लिहिले ते चां. भ. खैरमोडे म्हणजे चांगदेव भवानराव खैरमोडे. त्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध झाला. भालचंद्र नेमाडे यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या 'बिढार' कादंबरीच्या नायकास नाव दिले तेही चांगदेव, चांगदेव पाटील. ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना आम्ही ही नावे मुद्दाम घेत आहोत. हे नाव ना कोण्या एका जातीचे, ना एका पंथाचे. शास्त्र्याच्या घरी ते होते, साधूच्या मठात होते, शेतकऱ्याच्या वाड्यात होते आणि बाबासाहेबांच्या अनुयायाच्या घरीही होते. ज्ञातीचा अभिमान अवश्य धरावा. परंतु आपल्या घरातील कित्येक उत्तम वस्तू सर्वांच्या सामाईक आहेत, हेही ध्यानी ठेवावे.

मग असे नाव मागे का पडले? जो तो चित्रपटाकडे बोट दाखवितो. कांत आणि कुमार यांची लाट आली, ती ओसरली. नंतर दोन अक्षरी नावांची लाट आली. नवी नावे ठेवू नयेत असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक जुने नाव कधी तरी नवेच होते. परंतु चांगदेवाच्या ऱ्हासाचे एक कारण आम्हांस अगदी जवळून ठाऊक आहे आणि ते सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही. ते कारण म्हणजे आमच्यासारखे शिक्षक.

१९८१ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या नोकरीचे ते दुसरे वर्ष. गोदाकाठच्या एका लहान गावी आम्ही होतो. आपल्याच ज्ञातीतील एक शेतमजूर आपल्या मुलास पहिलीत घालावयास घेऊन आला. नाव विचारले, त्याने चांगदेव सांगितले. आम्ही तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे, नुकतेच शिकून आलेले, सुधारणेचे वारे अंगात भरलेले. आम्हांस वाटले, हा मुलगा उद्या शिकून पुण्या-मुंबईस जाईल, तेथे या खेडवळ नावास लोक हसतील. आपण त्याचे कल्याण करावे. आम्ही दाखलनोंदीत 'चंद्रकांत' लिहिले. बापास अक्षरओळख नव्हती. त्याने अंगठा उठविला आणि नमस्कार करून गेला. आम्ही त्यास विचारले नाही. खरे सांगावयाचे तर विचारावे असे आमच्या मनातही आले नाही.

पुढे काही दिवस हजेरीत आम्ही 'चंद्रकांत' म्हणून पुकारीत असू आणि तो मुलगा गप्प बसून राही. आपणांसच बोलाविले जात आहे, हे त्यास कळत नसे. मूल समोर बसलेले असे आणि आम्ही त्याची गैरहजेरी मांडीत असू. एके दिवशी तर ओ दिली नाही म्हणून आम्ही त्याच्या हातावर छडी मारिली. मग तो ओ द्यावयास शिकला.

या गोष्टीस जवळजवळ अठ्ठावीस वर्षे लोटली. एके सकाळी एक प्रौढ गृहस्थ आमच्या दारी उभा राहिला. वडील वारले होते. जी थोडीबहुत जमीन त्यांनी पुढे खरेदी केली होती, तिच्या सातबारावर वारसनोंद करावयाची होती. शिधापत्रिकेवर आणि गावच्या कागदांवर त्याचे नाव चांगदेव, शाळेच्या दाखल्यावर चंद्रकांत. दोन्ही नावांचा इसम एकच, याचे प्रतिज्ञापत्र हवे, साक्षीदार हवा. राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागेल असेही कोणी त्यास सांगितलेले. 'गुरुजी, तुम्हीच लिहिलं होतं, तेव्हा तुम्हीच सांगा,' असे तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता.

आम्ही त्यास बसविले, चहा दिला आणि नाव कोणी ठेविले होते असे प्रथमच विचारले. तो म्हणाला, 'आजीनं. माझ्या आधीची दोन भावंडं गेली. आजी पुणतांब्याला पायी गेली आणि नवस बोलली. मी वाचलो म्हणून चांगदेव.' मग थोडा वेळ थांबून म्हणाला, 'घरात सगळे हळूहळू चंद्रकांतच म्हणू लागले. आजी मात्र मरेपर्यंत चांगदेव म्हणायची. ती गेली, आता त्या नावानं हाक मारणारं कोणी राहिलं नाही.'

आम्ही साक्षीदार म्हणून सही केली. कागदावर 'चंद्रकांत ऊर्फ चांगदेव' असे लिहिले होते. त्या वृद्ध माउलीने नवसाने मिळविलेले नाव आमच्यामुळे 'ऊर्फ'च्या पलीकडे गेले होते, हे पाहून आमचा हात क्षणभर थांबला. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, 'तुम्ही चांगल्यासाठीच केलं' म्हणाला आणि पाया पडून गेला. त्याने बोलताना वापरलेला 'चांगल्या' हा शब्द ऐकून आम्हांस अधिकच लाज वाटली.

तेव्हापासून कोऱ्या पत्राची ती कथा आम्हांस निराळी दिसू लागली आहे. लोक चांगदेवांस हसतात की एवढा योगी, पण साधा मायना सुचला नाही. आम्हांस वाटते, त्यांच्या त्या अडण्यात मोठेपणा होता. समोरच्या माणसास कोणत्या शब्दाने हाक मारावी हे आपणांस ठाऊक नाही, इतके तरी त्यांनी ओळखले आणि कागद कोरा ठेविला. आमच्यापाशी तेवढाही विवेक नव्हता. आम्ही बेधडक लिहून मोकळे झालो.

बंधुभगिनींनो, केवळ हळहळ व्यक्त करून खाली बसणे शिक्षकास शोभत नाही. म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, घरी बाळ जन्मले की त्याचे नाव आपल्या आवडीने खुशाल ठेवा; पण तत्पूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस आपल्या कुळातील जुनी नावे विचारा आणि ती कोणत्या कारणाने ठेविली गेली तेही विचारा. व्यवहारात ते नाव ठेवणे अवघड वाटले तर पाळण्यातील नाव म्हणून ठेवा. दुसरी, आपल्या ज्ञातीत आज पुष्कळ तरुण शिक्षक व शिक्षिका आहेत. त्यांनी पट लिहिताना मूल व त्याचे आईबाप जे नाव सांगतील तेच लिहावे, आणि नाव अपरिचित असेल तर वर्गास त्याचा अर्थ सांगावा. हसणारी मुले अर्थ कळला की हसत नाहीत. चांगदेव म्हणजे चांगला, एवढे सांगण्यास अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट १९८१ साली आम्ही खर्च केले नाही. तिसरी विनंती संस्थेच्या कार्यकारिणीस आहे. पुढील स्मरणिकेत वधूवरसूचीबरोबर प्रत्येक घराने आपल्या आजोबा-आजींची पूर्ण नावे कळवावीत आणि ती छापली जावीत. चार पाने वाढतील, छपाईचा खर्च थोडा वाढेल. त्यास हातभार म्हणून आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून एक अल्प रक्कम आजच चिटणिसांकडे दिली आहे.

ज्याच्या संमतीने ही हकीकत सांगितली, तो आमचा विद्यार्थी आज या सभेत मागच्या रांगेत बसलेला आहे. त्याचे आडनाव वा गाव आम्ही सांगत नाही. तशी त्याची इच्छा आहे. परंतु सभा संपल्यावर, हजेरी घेतल्याप्रमाणे, आम्ही त्यास त्याच्या आजीने ठेविलेल्या नावाने हाक मारणार आहोत. तो ओ देईल, अशी आशा आहे.

 सर्वांचे चांगभले होवो.